माहेरवाशिणीची मोरी

सरकारी नोकरीत माझं पद 'व्रणोपचारक' होतं. छत्तीस वर्षांत हा शब्द एका दमात म्हणणारा माणूस मला भेटला नाही. लग्नाच्या वेळी माझ्या सासऱ्यांनी तो कागदावर वाचला आणि मध्यस्थाला बाजूला घेऊन विचारलं, "मुलाला काही आजार आहे का?" व्रणोपचारक म्हणजे गुरांच्या दवाखान्यातला मलमपट्टीवाला. डॉक्टर सुई टोचतात तेव्हा जनावर धरायचं, लाथ आपण खायची आणि डॉक्टर गेल्यावर मालकाला धीर द्यायचा, एवढंच काम. गावात मला 'ढोरांचो कंपाउंडर' म्हणत आणि तेच जास्त बरोबर होतं.

या धंद्यात जनावरं कमी त्रास देतात, मालकच जास्त. खारेपाटणला असताना एक गृहस्थ म्हैस घेऊन आले. म्हणे ही अंगावर धावते, मारते, हिला काहीतरी झालंय. म्हैस माझ्यासमोर एवढी गरीब की कान धरला तरी डोळे मिटून रवंथ करत होती. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको आली. "म्हशीक काय नाय झाला," ती म्हणाली, "ह्येंका तपासा. पिऊन गोठ्यात गेल्यार ती मारात नाय तर काय ओवाळीत?"

पण या अंकासाठी लिहायला बसलोय ते गुरांबद्दल नाही. निवृत्त झालो आणि वर्षाच्या आत बायको गेली. घरात बसून भिंतीवरच्या पाली मोजायची वेळ आली तेव्हा कुणीतरी सांगितलं की मालवणच्या बाहेर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जखमी शिकारी पक्ष्यांसाठी एक निवारा निघालाय आणि तिथे जनावर धरायची सवय असलेला माणूस हवाय. मी गेलो. डॉक्टर शर्वरी नावाच्या बाई तिथे होत्या, सांगलीकडच्या. माझ्या मुलीपेक्षा लहान. त्यांनी एक घार माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "धरून दाखवा." मी धरली. घारीने माझा अंगठा धरला. दोघांनीही सोडलं नाही, म्हणून मला नोकरी मिळाली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, शिकारी पक्षी सांभाळायचा म्हणजे मांसाचा तुकडा फेकायचा आणि फोटो काढायचा. खरं काम सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी सुरू होतं. आधी शीट बघायची, मग पक्षी बघायचा. शिटेचा रंग बदलला की पक्षी अजून मिजाशीत दिसत असला तरी आत काहीतरी बिघडलंय हे समजायचं. मग वजन. मग खाणं. आणि खाणं म्हणजे नुसतं मऊ मांस नव्हे. घुबडाला उंदीर द्यायचा तो हाडं-केसांसकट अख्खा. रानात घुबड तो तसाच खातं, पचेल ते पचवतं आणि उरलेल्या केसांची, हाडांची गुठळी तोंडावाटे टाकून देतं.

डॉक्टरबाईंचं खास लक्ष असायचं ते खाण्यातल्या धातूंवर. तांबं, जस्त, शिसं, पारा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, मॅडम, पक्षी काय भंगार खातात? त्यांनी समजावलं ते मला जसं कळलं तसं सांगतो. हे धातू अन्नातून कणाकणाने पोटात जातात. काही थोडे लागतातच, तांब्या-जस्तावाचून अंग चालत नाही. पण जास्त झाले की साठतात, कुणी यकृतात, कुणी हाडात. रानातला पक्षी आज सरडा, उद्या मासा, परवा उपास असं करतो, त्यामुळे एकाच गोष्टीचा मारा होत नाही. पिंजऱ्यातला पक्षी मात्र आपण जे घालू तेच रोज खातो. म्हणजे त्याच्या अंगात काय साठेल हे त्याच्या नशिबावर नाही, आपल्या हातावर असतं.

याचा पहिला धडा आम्हाला दोडामार्गच्या एका गृहस्थांनी दिला. ते रोज गोव्याला कामाला जात. केळीच्या वखारीत त्यांना घुबडाचं पिल्लू सापडलं आणि त्यांनी ते गुपचूप दोन-तीन महिने पाळलं. पाळणं गुन्हा आहे हे कळल्यावर आणि पिल्लाचे पाय वाकडे व्हायला लागल्यावर, हे दोन्ही एकाच आठवड्यात झालं, ते टोपलीवर टॉवेल घालून आमच्याकडे आले. डॉक्टरबाईंनी विचारलं, काय घालत होता? तर कोंबडीची कलेजी. रोज. नुसती कलेजी.

"मॅडम, घरात पोरांक दिलंय नाय ती कलेजी हेका घातलंय," गृहस्थ रडायला आले होते.

आता कोंबडी जे जे खाते त्यातले धातू तिच्या कलेजीतच जाऊन बसतात. ते सगळे त्या पिल्लाला, आणि हाड मात्र एकही नाही. घुबड जगलं, पण उडायचं नाही ते नाहीच. मी त्या माणसाची नक्कल पुढचा महिनाभर करत होतो. 'पोरांक दिलंय नाय ती कलेजी!' बाई हसायच्या नाहीत. "तात्या, प्रेमाने चुकलेल्याला हसू नये," म्हणायच्या. मला तेव्हा ते घाटावरचं पुस्तकी बोलणं वाटलं.

मग गणपतीनंतर आली ती समुद्री गरुडाची मादी.

आरोंद्याच्या खाडीत जाळ्यात अडकली होती. डाव्या पंखाचं हाड मोडलेलं आणि त्या पंखाची मोठी पिसं तुटून गेलेली. पांढरं स्वच्छ पोट, राखाडी पाठ आणि नजर अशी की आपणच काहीतरी गुन्हा केलाय असं वाटावं. हाड दीड-दोन महिन्यांत जुळेल, पण तुटलेली पिसं गळून नवी उगवल्याशिवाय तिला सोडता येणार नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. म्हणजे कमीत कमी एक वर्ष मुक्काम. तेवढ्या काळात तिचा जीव सांभाळून तिला पुन्हा उडण्याजोगी करायची, हे आमचं काम. बाईंनी खाण्याचा कागद लिहून भिंतीला लावला: तारली, पेडवे, अधूनमधून उंदीर. छोटी मासळी, अख्खी. खाली लाल शाईने लिहिलं होतं, 'मोठा मासा देऊ नये.' आणि रोज काय दिलं ते वहीत लिहायचं, तेही माझ्याकडे.

आता यात चंद्राकाकी आली. ती मासेविकी. पहाटेच्या लिलावात मासळी घेऊन टोपली डोक्यावर सड्यावरच्या वाड्यांत फिरते. पक्ष्यांची तारली आम्ही तिच्याकडूनच घ्यायचो. गरुड आल्याचं कळलं तशी ती टोपली फाटकाशी ठेवून पिंजऱ्यासमोर उभी राहिली आणि बराच वेळ बघत राहिली. वर्षानुवर्षं समुद्रावर घिरट्या घालताना पाहिलेला पक्षी तिने एवढ्या जवळून पहिल्यांदाच पाहिला होता.

"नर की मादी?" तिने विचारलं.

"मादी," मी म्हटलं.

"मगे काय बघतास, तात्यानु? बाईमाणूस आसा, हाड मोडलेला आसा, घर सोडून तुमच्याकडे इली आसा. म्हणजे माहेरवाशीण झाली ती. आणि माहेरवाशिणीक तुमी तारले घालतास? लाज नाय वाटत?"

दुसऱ्या दिवसापासून सगळा सडा तिला माहेरवाशीण म्हणू लागला. आणि तिसऱ्या दिवशी काकीने तारलीबरोबर केळीच्या पानात गुंडाळलेले मोरीचे मोठे तुकडे माझ्या हातावर ठेवले. देशावरच्या वाचकांनी दचकू नये. आमच्याकडे मोरी म्हणजे शार्क. आमच्याकडे बाळंतिणीला मोरी देतात, दूध येतं, अंगात ताकद भरते म्हणून. काकीचा विचार सरळ होता. बाईमाणूस, अशक्त, हाड भरून यायला हवं, तर मोरीच.

मी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. काकीला वाचता येतं, पण तिने वाचलं नाही. "मॅडम घाटावरची. तिका मोरी काय म्हायत?"

इथे खरं म्हणजे मी पान परत द्यायला हवं होतं. पण मी ते हातात धरून उभा राहिलो, कारण वास आला. आमच्या हिच्या हातची मोरी तशी कुणाला जमायची नाही. भाजलेलं खोबरं, तिरफळं, आणि आंबट म्हणून फक्त कोकमाची सोलं. ती गेल्यापासून मोरी मी खाल्ली नव्हती. एकट्या माणसासाठी मोरी कोण आणतो? त्या दिवशी मी पानाचे दोन भाग केले. अर्धे तुकडे माहेरवाशिणीला घातले. तिने ते असे गिळले की तारलीचा तिला आयुष्यभराचा राग असावा. उरलेले अर्धे मी मागच्या खोलीत, जिथे औषधं उकळायची शेगडी होती, तिथे शिजवले. काकी मोरी आणल्यावाचून राहायची नाही हे पहिल्याच दिवशी ओळखून तिरफळं घरून आणलेली होती. म्हणजे बेत आधीच मनात होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. आणि वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं: तारली.

काकी आठवड्यातले चार-पाच दिवस पान आणायची. डॉक्टरबाई सकाळी उशिरा येत, तोपर्यंत आम्हा दोघांची जेवणं उरकलेली असत. सगळा हंगाम हे चाललं. माझी तब्येत सुधारली. माहेरवाशिणीचं हाड जुळलं, नवी पिसं डोकावू लागली आणि काकी फाटकातूनच ओरडायची, "बघा, मोरीन हाड भरला की नाय?" मला त्या वहीचं काही वाटत नव्हतं. उलट, मी काकीला, डॉक्टरबाईंना आणि स्वतःला, तिघांनाही खूश ठेवतोय, असा माझा समज होता.

शिमग्याच्या आधी तिचं काहीतरी चुकायला लागलं. एका बैठकीवरून दुसऱ्या बैठकीवर उडी मारायची तर नेम चुकायचा. पाय ठेवायची तो फांदीच्या पुढे. आधी मी हसलो. म्हटलं, बाई लाडावल्या. मग एकदा ती पडली, आणि पडल्यावर पंख पसरून तशीच बसून राहिली, डोकं बारीक थरथरत होतं. अशी थरथर मी छत्तीस वर्षांत पुष्कळ जनावरांत पाहिली होती आणि त्यांतली फार थोडी वाचली होती.

डॉक्टरबाईंनी रक्त घेतलं आणि बरोबर दोन पिसं पाठवली. एक ती आली त्या दिवशी गळलेलं, पाकिटात जपून ठेवलेलं. दुसरं आमच्याकडे उगवलेलं. पिसाची गंमत अशी की वाढत्या पिसात पक्ष्याचं रक्त खेळतं आणि रक्तातला पारा त्यात उतरतो. पीस पुरतं वाढलं की रक्त थांबतं आणि त्या वेळचं जे काही असेल ते आत कायमचं राहतं. म्हणजे जुनं पीस सांगणार ती समुद्रावर असताना काय खात होती आणि नवं सांगणार आमच्याकडे काय खाल्लं.

उत्तर आलं. जुन्या पिसात पारा होता, समुद्रावरच्या पक्ष्यात असतो तेवढा. नव्या पिसात त्याच्या कितीतरी पट.

"तात्या, मोठा मासा कधी दिला होता का?" बाईंनी विचारलं.

"नाय मॅडम. वही बघा ना."

त्यांनी वही बघितली. पानंच्या पानं तारली. माझं अक्षर चांगलं आहे, ते त्या दिवशी मला पहिल्यांदा नडलं. मला त्यांनी मोठ्या माशाचं कारणही समजावलं, जणू मला माहीत नसल्यासारखं. समुद्रात पारा नावालाच असतो. तो बारीक जिवात जातो, त्या बारीक जिवांना तारली खाते, तारलीला बांगडा, बांगड्याला सुरमई आणि सगळ्यांना मोरी. खाल्लेलं पचतं, पारा राहतो. शिवाय मोरी पुष्कळ वर्षं जगते आणि जगते तोवर खाते. मी मान डोलवत ऐकत होतो आणि माझ्या पोटात त्याच सकाळचा मोरीचा रस्सा होता.

बाईंनी मग पारा शोधायला सुरुवात केली. पाण्याची टाकी रिकामी करून घासली. मागे कधी फुटलेल्या थर्मामीटरचा पारा फटीत राहिला असेल म्हणून उपचारखोलीची फरशी उचकटली. फरशी मीच उचकटली. त्या फरशीखाली काही नाही हे माहीत असलेला जगातला एकमेव माणूस घमेलं घेऊन माती उपसत होता. मी लगेच का नाही बोललो? भीती होती, नोकरीची. लाज होती. आणि एक हलकट विचारही होता, की मोरी आजपासून गुपचूप बंद करू, ती बरी होईल, कुणाला काही कळायचं नाही. काकीला मी सांगितलं, मॅडम लवकर येतात, पान नको. दोन दिवस गेले. ती बरी झाली नाही. तिसऱ्या दिवशी तिने हातातून तारलीही घेतली नाही.

त्या सकाळी बाईंनी इंजेक्शन काढलं. अंगातला धातू ओढून बाहेर काढणारं औषध. "हे मूत्रपिंडांवर फार जड जातं," त्या म्हणाल्या. "ही एवढी अशक्त आहे की झेपेल याची मला खात्री नाही. पारा कुठून येतोय हे कळलं असतं तर तो बंद करून नुसती वाट बघितली असती. नवी पिसं येताहेत, त्यांतून पुष्कळसा आपोआप बाहेर पडला असता. पण येणंच चालू असेल तर वाट बघून उपयोग नाही. धरा तिला."

मी धरली. डोक्यावर कापड, दोन्ही पाय एका मुठीत, पंख छातीशी. नोकरीतलं हेच तर माझं काम, डॉक्टर टोचेपर्यंत जनावर हलू न देणं. तिचं काळीज माझ्या मनगटावर धडधडत होतं. बाईंनी पोटाची पिसं बोटाने बाजूला केली आणि सुई टेकवली.

"मॅडम, थांबा. मोरी घातली."

सुई थांबली. बाई वर बघत नव्हत्या. "किती?"

"रोज. म्हणजे आठवड्यातून चार-पाच दिवस. गणपतीनंतरपासून. परवापासून बंद केली."

"आणि वही?"

"वही खोटी."

बाईंनी सुई मागे घेतली. मग सुईवर टोपण घातलं आणि म्हणाल्या, "तिला हळू ठेवा. अंधारात. हलवू नका." एवढंच. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. बाहेर पडताना त्या दारात थांबल्या. "तात्या, ते दोडामार्गचे गृहस्थ निदान खरं बोलले होते." मी मागच्या खोलीत जाऊन शेगडीजवळ बसलो आणि रडलो. वयाच्या पासष्टीत, तिरफळांच्या डब्याकडे बघत.

काकीला बाईंनी स्वतः बोलावून सांगितलं. हळूच सांगितलं, पण पाऱ्याला विष म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"म्हणजे मी तिका इख घातलंय?" काकीचा आवाज मी तेवढा बारीक कधी ऐकला नव्हता. बाई म्हणाल्या, नाही काकी, तुम्ही प्रेमाने दिलंत, आणि सांभाळायला ठेवलेल्या माणसाने ते अडवायला हवं होतं. मी जमिनीकडे बघत होतो. मग काकीचा नेहमीचा आवाज परत आला. "पाखराच्या पिसात दिसता, मगे माणसाच्या केसात दिसूचा नाय? माझो जल्म मासळीत गेलो. माझे केस काढा आणि धाडा."

बाईंनाही ते जाणून घ्यायचं होतंच. काकीची बट कापली.

"तात्यांचेय धाडा," काकी म्हणाली.

"तात्यांच्या डोक्यावर कुठे आहेत?"

"मिशी आसा मां!"

मला मिशीचा अभिमान होता. दवाखान्यात रेडेसुद्धा तिला वचकत. बाईंनी कात्री लावली ती नेमकी उजवीकडून, त्यामुळे पुढचे दोन आठवडे मी एका बाजूने हवालदार आणि दुसऱ्या बाजूने कीर्तनकार दिसत होतो. मी नाही म्हणू शकलो नाही, कारण नाही म्हणायचं कारण सांगता आलं नसतं. गरुडाला मोरी घातली एवढंच मी कबूल केलं होतं. अर्धी कुठे गेली हे कुणी विचारलं नव्हतं.

केसांचं उत्तर आलं तेव्हा बाईंनी मला आत बोलावून दार लावलं.

"काकींच्या केसांत विशेष काही नाही," त्या म्हणाल्या. "मी त्यांना विचारलं, मोरी खात नाही का? तर म्हणाल्या, 'मोरी इकूची आसता, खावची नाय. खावक तारले.'" मग त्यांनी दुसरा कागद पुढे केला. "आणि तुमची मिशी. तात्या, केस आणि पीस यांची सरळ तुलना करता येत नाही. पण तुम्ही मोरीशिवाय काही खाता की नाही?"

मी सगळं सांगितलं. पान, दोन भाग, शेगडी, तिरफळं. बायकोचंही सांगितलं, ते सांगायचं नव्हतं तरी. बाईंनी तोंडावर हात धरला. मला वाटलं रागाने, पण खांदे हलत होते. हसणं आवरल्यावर डोळे पुसून म्हणाल्या, "तुमच्यासारखा माणूस कामावर ठेवू नये. आणि खरं सांगायचं तर तुम्ही चोरी केली नसती, तिला सगळी मोरी गेली असती, तर ती आत्तापर्यंत जगली नसती. आता हे मी कुठल्या कागदावर लिहू?" मी हात जोडून म्हटलं, कुठेही नको, आणि काकीला तर मुळीच नको. स्वतः तारले खाणारी बाई पाखरासाठी मोरी बाजूला काढत होती आणि मी ती खात होतो. पक्ष्याचं मी निस्तरेन, पण काकीला तोंड कसं दाखवू हे मला कळत नव्हतं.

बाईंनी शब्द पाळला. काकीने विचारलं तेव्हा त्या फक्त म्हणाल्या, "तात्यांचं तात्यांना विचारा." काकीने मला विचारलं नाही. माझ्या अर्ध्या मिशीकडे एकदा नीट बघितलं, पदर खोचला आणि टोपली उचलून गेली. उभा जन्म लिलावात गेलेली बाई, कुठला तुकडा कुणाच्या टोपलीत गेला हे तिला सांगावं लागत नाही.

पुढचे महिने मी सांगत बसत नाही. मोरी बंद, तारली सुरू. पावसाळ्यात होड्या बंद म्हणून गोड्या पाण्यातली मासळी आणि उंदीर. पहिले पंधरा दिवस ती जगेल की नाही हे रोज सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी जाऊन बघायचं. थरथर हळूहळू गेली. जुनी पिसं गळत गेली. प्रत्येक गळलेलं पीस मी उचलून पाकिटात घालायचो आणि मनात म्हणायचो, जा बाबा, घेऊन जा सगळं. दसऱ्याच्या सुमाराला ती मोठ्या पिंजऱ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत न चुकता उडू लागली. वहीत मी आता एवढं खरं लिहायचो की बाईंनी सांगितलं, तारलीची संख्या पुरे, प्रत्येकीची लांबी नको.

वनखात्याची परवानगी आली आणि दिवाळीनंतरच्या एका सकाळी आम्ही तिची पेटी खाडीच्या तोंडावरच्या कातळावर नेली. पाच-पन्नास माणसं जमली होती. काकी नवं लुगडं नेसून आली. तिला ओटी भरायची होती, माहेरवाशीण रिकामी जाऊ नये म्हणून. खण, नारळ, तांदूळ घेऊनच आलेली. बाईंनी कसंबसं तिला पटवलं की नारळ घेऊन गरुडाला उडता येणार नाही. मी पेटीचं दार उघडलं.

ती बाहेर आली, दोन पावलं चालली, कातळाच्या कडेला बसली आणि तशीच राहिली. खाली भरती, समोर समुद्र, वर स्वच्छ आभाळ, आणि माहेरवाशीणबाई आपल्या बसून. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पारा पुरता गेला नाही? कडेचा अंदाज येत नाहीये? बाईंच्या चेहऱ्यावरही तेच दिसत होतं. त्यांनी हळूच सांगितलं की अजून थोड्या वेळात उडाली नाही तर परत पिंजऱ्यात न्यावी लागेल, आणि या वयाचा, एवढं सोसलेला पक्षी मग बहुधा कायमचाच पिंजऱ्यात.

तेव्हा काकी पुढे आली. नारळ दोन्ही हातांत धरला आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गाऱ्हाणं म्हणजे देवाला सगळ्यांसमोर खणखणीत सांगायचं मागणं. ते गावातला मानाचा पुरुष घालतो, बायका नाहीत. पण काकीला अडवणार कोण?

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माणसांनी सवयीने साथ दिली.

"आज आमची ही माहेरवाशीण आपल्या घराक चल्ली हा. तिच्या वाटेत खंयचा जाळा येव नये, खंयची तार लागा नये, तिका पोटभर खावक गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मी येडी, मी तिका मोरी घातलंय. माझी चूक पदरात घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मला वाटलं संपलं. काकीने माझ्याकडे वळून बघितलं आणि आवाज आणखी चढवला.

"आणि त्या मोरीतली अर्दी मोरी आमच्या ह्या तात्यान सगळो हंगाम चोरून खाल्ल्यान म्हाराजा! चोरी ती चोरीच. पण तेणी खाल्ल्यान म्हणान ह्या पाखरू जगला, ह्याव खरा. तेव्हा तेच्या पोटात जो काय पारो गेलो हा, तो तूच काढून घे. आणि परत कधी तेका चोरूची बुद्धी झालीच, तर ती तारल्यांचीच होवांदे रे म्हाराजा!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग पन्नास माणसांचा असा 'व्हय म्हाराजा!' उठला की कातळ हादरला. त्याच्या मागून हसण्याचा लोट. माझी मान खाली गेली ती मिशीसकट. पायांतल्या चपलांखेरीज मला जगात काही दिसत नव्हतं.

तेवढ्यात पंखांचा आवाज झाला. मोठा, कापड झटकल्यासारखा. माझ्या चपलांवरून एक रुंद सावली सरकत गेली. मी मान वर केली तेव्हा सूर्य नेमका समोर होता, आणि डोळ्यांत पाणी असल्यामुळे असेल, मला नुसता उजेड दिसला. बाकीचे सगळे वर बोट दाखवून ओरडत होते. डॉक्टरबाई टाळ्या वाजवत होत्या. वर्षभर मी त्या एका क्षणासाठी पिंजरे घासले होते.

काकी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा ओला होता. "बघितलास मां, तात्यानु?" ती म्हणाली. "कडेवरसून कशी झेपावली ती!"

"बघितलं," मी म्हटलं.